पहिला पोहोचला म्हणून जिंकला? नाही!

कोट्यवधी शुक्राणूंच्या शर्यतीत जो सगळ्यात वेगवान, तोच बीजांडाचं फलन करतो, हे वाक्य प्रेरणादायी भाषणांत हमखास असतं. टाळ्याही पडतात. पण नुसतं पोहोचून भागत नाही. शुक्राणूच्या डोक्यावर अ‍ॅक्रोसोम नावाची पिशवी असते, ती वेळेवर फुटावी लागते. कॅल्शियम आत शिरलं की स्नेअर प्रथिनं पिशवीचं आवरण बाहेरच्या पटलाला जोडतात आणि आतला ऐवज बाहेर पडतो. चेतापेशींतला स्रावही हीच मंडळी सांभाळतात.

पिशवी फुटल्यावरच इझुमो हे प्रथिन पृष्ठभागावर येतं. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी त्याला लग्नं जुळवणाऱ्या देवस्थानाचं नाव दिलं. नाव ठेवावं तर असं! इझुमो नसलेल्या उंदरांचे शुक्राणू नीट पोहतात, बीजांडाचं कवचही भेदतात, पण बीजांडाशी एकरूप होत नाहीत. नर वंध्यच. इझुमोचा बीजांडावरचा जोडीदार, जुनो, २०१४ मध्ये सापडला.

कवचाला टेकल्यावरच पिशवी फुटते, हे पुस्तकी वाक्यही निदान उंदरांपुरतं मोडीत निघालंय. फलन करणाऱ्या बहुतेक शुक्राणूंची पिशवी त्याआधीच फुटायला लागलेली असते, असं २०११ मध्ये चित्रीकरणात दिसलं.