व्हिस्की म्हणजे नुसतंच पाणी

‘व्हिस्कीचा मूळ अर्थ जीवनजल’ हे वाक्य बाटल्यांच्या लेबलांवरून आणि मैफलींतून वर्षानुवर्षं फिरतंय. ते अर्धंच खरं आहे. आयरिश भाषेतला मूळ शब्दप्रयोग ‘इश्के बाहा’. त्यात इश्के म्हणजे पाणी, बाहा म्हणजे जीवन. इंग्रजीत येताना जीवन गळालं, उरलं फक्त पाणी! (उर्दू ‘इश्क’शी याचा काही संबंध नाही, शेरोशायरी आवरा.)

व्याकरणही गमतीचं. आपण ‘जीवनाचं पाणी’ म्हणतो. आयरिशमध्ये पाणी आधी, जीवन नंतर आणि ‘चा-ची-चे’सारखा प्रत्ययच नाही. कल्पनाही अस्सल आयरिश नव्हे, ती लॅटिन ‘अॅक्वा व्हीटी’चं भाषांतर. मात्र इश्के आणि संस्कृत ‘उदक’ एकाच धातूतून आलेत, तसेच बाहा आणि ‘जीव’ही.