मिनेसोटा-७ : हा बालेकिल्ला रिपब्लिकनांचा कधीपासून?

२०२० ला डेमोक्रॅट खासदार कॉलिन पीटरसन हरले तेव्हा बरेच जण म्हणाले की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा सातवा मतदारसंघ मुळातच रिपब्लिकन, तिथं डेमोक्रॅट ३० वर्षं टिकला हेच नवल. मला हे अजिबात पटत नाही. पश्चिम मिनेसोटाचा हा पट्टा, वर कॅनडाची बॉर्डर, शेजारी नॉर्थ आणि साउथ डकोटा ही राज्यं, शेतात गहू, मका, सोयाबीन आणि रेड रिव्हरच्या खोऱ्यात शुगर बीट, म्हणजे साखरेसाठीचं बीट. सीमा आणि नंबर बदलत गेले पण इथल्या मतदाराचा पहिला प्रश्न कित्येक वर्षं एकच होता, आमच्या मालाला भाव कोण मिळवून देणार.

सुरुवात अँड्र्यू वोल्स्टेडपासून करावी लागते. ग्रॅनाइट फॉल्सचे वकील, रिपब्लिकन, १९०३ पासून खासदार, अमेरिकेतल्या दारूबंदीच्या कायद्याला यांचंच नाव. पण शेतकऱ्यांसाठी त्यांचं खरं काम म्हणजे १९२२ चा कॅपर-वोल्स्टेड कायदा, शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून एकत्र माल विकला तर मक्तेदारीचा ठपका लागू नये म्हणून केलेला. आणि त्याच वर्षी ते पडले! पाडलं कुणी, तर बेन्सनच्या ओले क्वाले नावाच्या लुथरन पाद्र्यानं. १९२० लाच क्वाले रिपब्लिकनांची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) जिंकले होते, पण प्रचारात वोल्स्टेडना नास्तिक ठरवलं म्हणून कोर्टानं ती उमेदवारी रद्द केली.

क्वालेंच्या मागे लोक उभे राहिले कारण गहू पिकवायचा इथल्यांनी, त्याची प्रत आणि भाव ठरवणार मिनियापोलिसचे व्यापारी आणि भाडं ठरवणार रेल्वे. १९१५ ला नॉर्थ डकोटात सुरू झालेली नॉनपार्टिझन लीग ही शेतकऱ्यांची संघटना याच रागातून आली, मिनेसोटात त्यातून फार्मर-लेबर पक्ष उभा राहिला, तो १९४४ ला डेमोक्रॅटिक पक्षात मिसळला, म्हणून तिथं आजही पक्षाचं नाव डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर, डीएफएल.

कोया नुटसनची गोष्ट मात्र मन अस्वस्थ करते. ओक्लीसारख्या छोट्या गावातली ही बाई १९५४ ला डीएफएलकडून निवडून आली (तेव्हा हा उत्तरेकडचा भाग नवव्या मतदारसंघात होता), मिनेसोटाची पहिली महिला खासदार, शेती समितीवर गेली, विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज मिळावं म्हणून झगडली. १९५६ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षश्रेष्ठी स्टीव्हन्सनच्या मागे असताना हिनं त्यांचे प्रतिस्पर्धी कीफॉव्हर यांना साथ दिली, तो राग पक्षातल्यांनी धरून ठेवला. १९५८ ला नवऱ्याच्या सहीचं पत्र पेपरात आलं, कोया, घरी ये. मजकूर तिच्या राजकीय विरोधकांनी लिहून दिलेला आणि नवरा दारू पिऊन मारहाण करायचा, पण मतदारांना तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. देशभर डेमोक्रॅटांची लाट आणि ही हजार-दीड हजार मतांनी हरली. जिंकलेले रिपब्लिकन ओडिन लँगन १९७० पर्यंत टिकले, मग डीएफएलचे, रोझोचे शेतकरी बॉब बर्गलँड आले, ते पुढे कार्टर यांचे कृषिमंत्री झाले आणि १९७७ च्या पोटनिवडणुकीत सीट परत रिपब्लिकनांकडे. म्हणजे बालेकिल्ला कुणाचाच नव्हता.

पीटरसन १९८६ ला फक्त १२१ मतांनी हरले, १९९० ला जिंकले. स्वतःचं छोटं विमान उडवत मतदारसंघ पिंजून काढायचे, बंदुकीच्या आणि गर्भपाताच्या प्रश्नावर पक्षाच्या विरोधात, ओबामांच्या आरोग्य कायद्यालाही विरोध, पण फार्म बिल (शेतीचं धोरण आणि मदत ठरवणारा कायदा) आलं की शब्द यांचा चालायचा. अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ मध्ये बीटवाल्या शेतकऱ्यांनीच विकत घेतली, हेड ऑफिस मूरहेडला, आणि साखर आयातीवरची बंधनं टिकणं हा तिथल्या घराघराचा प्रश्न. म्हणून २०१६ ला ट्रम्प इथं ३० टक्क्यांच्या फरकानं जिंकले तरी त्याच मतदारांनी पीटरसनना निवडून दिलं.

माझ्या मते खरा बदल तेव्हाच झाला. क्वालेंचं बेन्सन ज्या स्विफ्ट काउंटीत आहे तिथं २०१२ ला ओबामा जिंकले होते, चार वर्षांनी ट्रम्प. राष्ट्राध्यक्षाला एका पक्षाचं मत आणि खासदाराला दुसऱ्या पक्षाचं ही सवय मोडत गेली, मतदान दिल्लीश्वर बघून, म्हणजे तिथं वॉशिंग्टन बघून व्हायला लागलं. २०१९ ला ट्रम्पवरच्या महाभियोगाच्या विरोधात मत देऊनही पीटरसन पुढच्या वर्षी रिपब्लिकन मिशेल फिशबॅककडून १३ टक्क्यांनी हरले, आणि हरले तेव्हा ते हाउसच्या (अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) शेती समितीचे अध्यक्ष होते.