मातीतला कर्ब वेगळा, कार्बन क्रेडिट वेगळं

मे महिन्यात मामाकडे गेले होते, फोंडा तालुक्यात त्याचं कुळागर आहे, माड, पोफळी, मिरवेली, केळी, मध्येच जायफळाची दोनचार झाडं. चहा व्हायच्या आधीच मामाने कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली दोन मृदा आरोग्य कार्डं काढून माझ्यासमोर ठेवली. "हे बघ, ओसी आधी १.३८ होता, आता १.५२ झालाय, याचे क्रेडिट किती होतात ते काढून दे." ओसी म्हणजे ऑरगॅनिक कार्बन, मातीतला सेंद्रिय कर्ब, टक्क्यात. आदल्या आठवड्यात देवळाच्या मंडपात एका कंपनीचा माणूस येऊन गेला होता, टॅबवर नावं लिहून घेत होता, कार्डांचे फोटो काढत होता, आणि सांगत होता की तुमच्या मातीत कार्बन 'उच्च' आहे म्हणजे तुम्हाला चांगले पैसे सुटणार.

मला ते ऐकून खरंच वाईट वाटलं, कारण मामाने पंधरा वर्षं ती जमीन पोटच्या पोरासारखी सांभाळली आहे आणि त्याला वाटत होतं आता कुणीतरी त्याची किंमत करतंय. कार्डावरचा सेंद्रिय कर्ब आणि कार्बन क्रेडिट, दोन्हीत कार्बन आहे म्हणून लोक एकच समजतात. पण एक आहे मातीची तब्येत आणि दुसरा आहे करार. पहिलं चांगलं असलं की दुसरं मिळतंच असं नाही, कधी कधी तर उलटंच होतं.

आधी कार्डाचं बघू. ही योजना फेब्रुवारी २०१५ पासून आहे आणि कार्डावर एकूण १२ गोष्टी असतात, नत्र स्फुरद पालाश, गंधक, जस्त लोह वगैरे सूक्ष्म द्रव्यं, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. नमुना कसा घेतात ते ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे, वरचा पाचोळा बाजूला करायचा, व्ही आकाराचा खड्डा साधारण १५ सेंटीमीटर खोल करायचा, त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खरवडून घ्यायची, असं पाचसहा ठिकाणी करून सगळी माती एकत्र, मग चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे, शेवटी अर्धा किलो उरेपर्यंत. लॅबमध्ये ती वाळवतात, चाळतात, आणि बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धतीने तपासतात, म्हणजे डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड घालून किती कर्ब जळला ते बघायचं. १९३४ ची पद्धत आहे, स्वस्त आहे, चटकन होते, पण त्यात सगळा कर्ब पकडला जात नाही, साधारण तीन चतुर्थांश, उरलेला गुणकाने धरायचा. ०.५ टक्क्याच्या खाली कमी, ०.७५ च्या वर उच्च. खत किती घालायचं हे ठरवायला हे अगदी पुरेसं आहे आणि मामाला त्याचा उपयोग झालाही, सामू आम्ल निघाला म्हणून त्याने चुना घातला.

क्रेडिट म्हणजे मात्र एक टन कार्बन डायऑक्साइड. टक्का नाही, टन. आणि तोही तुमच्या मातीत आज असलेला नाही, तर तुम्ही काहीतरी नवीन केल्यामुळे *जास्तीचा* साठलेला, जो पुढे बरीच वर्षं तिथेच राहील आणि ज्याची मोजणी तिऱ्हाईताने तपासली आहे. हे सगळं जमलं तर रजिस्ट्रीत, म्हणजे क्रेडिटच्या नोंदवहीत, एक क्रेडिट तयार होतं आणि कुठेतरी धूर सोडणारी कंपनी ते विकत घेते.

टक्क्यापासून टनापर्यंत जायचा रस्ता मी मामाला वहीत करून दाखवला. समजा २,००० चौरस मीटर जागा, ३० सेंटीमीटर खोली. झाली ६०० घनमीटर माती. एका घनमीटरला १.३ टन धरले तर ७८० टन. त्यात कर्ब खरोखर ०.१ टक्का वाढला तर ०.७८ टन कर्ब, आणि कर्बाचं कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ ने गुणायचं, म्हणजे साधारण २.८६ टन. तीनसुद्धा क्रेडिट नाहीत. एका क्रेडिटचे हजार रुपये मिळाले असं नुसतं समजायला धरलं तरी २,८६० रुपये, आणि मातीत एवढी वाढ व्हायला काही वर्षं जातात, तर ते सगळ्या वर्षांचे मिळून, त्यातून प्रोजेक्ट चालवणाऱ्याचा वाटा, तपासणीचा खर्च आणि मोजणीतल्या अनिश्चिततेची कपात जायची आहे. मामा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला.

त्यातही आपल्याकडे जांभा. मामाच्या वरच्या बाजूला पहारीने खणलं की वीतभर खाली ठण्ण आवाज येतो, आणि जी माती निघते त्यात तांबडे खडे किती! लॅबमध्ये चाळताना २ मिलीमीटरपेक्षा मोठे खडे बाहेर जातात, म्हणजे कार्डावरचा १.५२ टक्का हा चाळलेल्या बारीक मातीचा आहे. जमिनीत मात्र समजा तिसरा हिस्सा खडेच असतील तर तेवढ्या जागेत माती नाही म्हणून कर्बही नाही. म्हणूनच क्रेडिटच्या मोजणीत ठरावीक मापाची नळी जमिनीत ठोकून अखंड नमुना काढतात, किमान ३० सेंटीमीटरपर्यंत, घनता काढतात, खडे वेगळे वजन करतात, आणि कर्ब शक्यतो भट्टीत जाळून मोजतात. कार्डाच्या फोटोवरून क्रेडिट काढतो म्हणणाऱ्याने यातलं काहीच केलेलं नसतं. १.३८ चं १.५२ झालं हेसुद्धा खरी वाढ आहे की या वेळी नमुना केळीच्या बुंध्याजवळचा गेला, हे दोन कार्डांवरून छातीठोक सांगता येत नाही, एकाच कुळागरात पाटाच्या काठची माती आणि दहा पावलांवरची माती यांच्यात याहून जास्त फरक सापडू शकतो.

आता जे मामाला सगळ्यात लागलं ते. क्रेडिटच्या भाषेत असं विचारतात की हा प्रोजेक्ट नसता तर तुम्ही हे केलं असतं का? केलं असतं तर ते जास्तीचं नाही आणि त्याचे पैसे नाहीत. मामा पोफळीच्या विऱ्या आणि माडाची चुडतं कधी जाळत नाही, झाडांच्या मुळाशी पसरतो, त्याच्या बापाने पण तेच केलं. तो म्हणाला, "म्हणजे ज्याने आजपर्यंत जाळलं त्याने आता थांबवलं तर त्याला पैसे, आणि मी कधीच जाळलं नाही तर मला काही नाही?" हो, साधारण तसंच आहे. यामागचं कारण मला पटतं, कारण विकत घेणारी कंपनी त्या क्रेडिटच्या जोरावर आपला धूर चालू ठेवणार आणि नवीन काही साठलंच नसेल तर हवेत नुसती भरच पडणार. पण मामाचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि मला वाटतं चांगल्या शेतकऱ्याला त्याचं श्रेय द्यायचं असेल तर ते क्रेडिटमधून नाही तर थेट मदतीतून द्यायला हवं, किती टन वाढले ते न विचारता, जमीन चांगली राखली म्हणून. दुसरी अडचण अशी की आधीच भरलेल्या मातीत नवीन कर्ब सहज मावत नाही. जिथे माती ओसाड झालीय तिथे वाढीला जागा असते, आणि गोव्यात पाऊस, झाडी, पालापाचोळा यामुळे पुष्कळ कार्डांवर ओसी आधीच 'उच्च' असतो. म्हणजे मंडपातल्या माणसाने जी गोष्ट जमेची म्हणून सांगितली तीच क्रेडिटच्या हिशोबात अडचणीची.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. शेतकऱ्याला कर्ब हवा असतो तो कुजण्यासाठी. पाचोळा कुजतो, जिवाणू तो खातात, त्यातून नत्र सुटतं, माती भुसभुशीत होते, पावसाचं पाणी मुरतं, म्हणजे कर्ब सतत येत जात राहिला तरच त्याचा फायदा. क्रेडिटला तो हवा असतो स्थिर, न हलणारा. ऑस्ट्रेलियात मातीच्या कर्बाच्या सरकारी योजनेत तो २५ किंवा १०० वर्षं राखायची हमी द्यावी लागते. आपल्या उष्ण दमट हवेत पाचोळा किती भराभर जिरतो ते कुणालाही विचारा, मेमध्ये पसरलेला थर चतुर्थीपर्यंत अर्धा होतो. आणि जो टिकाऊ ह्युमस होतो त्यात कर्बाच्या दहाबारा भागांना एक भाग नत्र लागतं, म्हणजे एक टन कर्ब कायमचा बसवायचा तर ८० ते १०० किलो नत्रही त्याच्याबरोबर अडकून बसतं, ते कुठून तरी यायला हवं. दोन्ही उद्दिष्टं एकमेकांच्या विरोधात आहेत असं मी म्हणत नाही, पण एकच नक्कीच नाहीत.

पाचोळ्यावरून आठवलं, आमच्याकडे डोंगरावरचा पाला भारे बांधून कुळागरात आणायची पद्धत आहे. त्याने कुळागराचं कार्ड सुधारतं यात शंका नाही. पण हवेच्या हिशोबाने डोंगरातला कर्ब खाली आला एवढंच झालं, म्हणून बाहेरून आणलेलं शेणखत किंवा पाला क्रेडिटमध्ये जसाच्या तसा धरत नाहीत.

मग येतो कागदांचा प्रश्न, आणि गोव्यात हा सगळ्यात अवघड. कार्ड काढायला कुणी मालकी विचारत बसत नाही, शेतात कसणाऱ्याच्या नावाने निघतं. करार करायचा म्हटलं की एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीचा सरकारी नोंदीचा कागद, लागतो, आणि तिथे वर भाटकाराचं (जमीनमालकाचं) नाव, कुळाच्या रकान्यात आजोबांचं नाव जे जाऊन वीस वर्षं झाली, वारस चढवलेले नाहीत, कुठे कोमुनिदादची म्हणजे गावसमाईक संस्थेची जमीन, कुठे सात भावंडांतला एक मुंबईला आणि एक पोर्तुगालला. जास्तीचा कर्ब कोणाचा, कसणाऱ्याचा की मालकाचा? आणि वीस वर्षांनी कुणी ती जागा विकली, भराव घातला, तर हमी मोडल्याचा भुर्दंड कोणी भरायचा? सही करायच्या आधी हे कागदावर स्पष्ट हवं, तोंडी नको.

खाजनाबद्दल थोडं सांगते कारण मामाचा मेहुणा तिसवाडीचा, त्याने पण हेच विचारलं. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन मानतात, बांध आणि मानशीच्या (पाणी आतबाहेर सोडायच्या दाराच्या) जोरावर खाडीचं पाणी रोखून केलेली शेती. पाणथळ जमिनीत हवा कमी म्हणून कुजणं मंद, त्यामुळे कर्ब टिकतो. पण पावसात मीठ धुऊन गोडं पाणी साचवून भात लावला की त्याच जमिनीतून मिथेन सुटतो, आणि एक टन मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. म्हणजे क्रेडिटवाला नुसता साठा बघणार नाही, सुटलेला मिथेन वजा करणार. कार्डावर यातलं काही दिसत नाही. आणि बांध फुटला, खारं पाणी शिरलं, तीनचार वर्षांत कांदळवन उभं राहिलं, तर कर्बाचा साठा उलट वाढतो पण शेतकऱ्याचं शेत जातं, कारण कांदळवन तोडता येत नाही. कर्बाचा फायदा आणि शेतकऱ्याचा फायदा एकाच बाजूला असतील असं समजू नका.

सरकारी नावांचाही गोंधळ होतो. कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम जून २०२३ मध्ये आली, ती मुख्यतः मोठ्या कारखान्यांसाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेलं ग्रीन क्रेडिट पर्यावरण मंत्रालयाचं, ते कार्बन क्रेडिट नव्हे. शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये आराखडा काढला. आणि सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र किंवा परंपरागत कृषी विकास योजनेचं अनुदान हे आणखी वेगळं, त्यात पैसे पद्धतीचे मिळतात, टनांचे नाही.

तर मामाने काय केलं. त्याने नाव काढून घेतलं नाही, पण सहीही केली नाही. आम्ही दोघांनी बसून एका कागदावर प्रश्न लिहिले: पहिली मोजणी कधी आणि किती खोल, नमुने किती, खडे कसे धरणार, पैसे तपासणीआधी की नंतर, माझा वाटा किती टक्के, करार किती वर्षांचा, मी मेलो तर पोरांवर बंधन आहे का, आणि मधेच सोडलं तर काय. विशेषतः पहिल्या मोजणीचं, कारण ती व्हायच्या आधी तुम्ही नवीन काही सुरू केलंत तर ते जुन्यातच धरलं जायची भीती. तो कागद त्याने कंपनीच्या माणसाला व्हॉट्सॲप केला, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही. या वेळच्या कार्डासाठी मात्र मामाने नमुन्याच्या सहाही जागांवर जांभ्याचा एकेक तुकडा रोवून ठेवलाय, दोन वर्षांनी तिथूनच माती घ्यायची म्हणून.