मध्यम किमतीची रेड वाइन निवडताना

८०० ते १५०० रुपयांत चांगली रेड वाइन मिळते. मात्र त्या पैशांत मिळते ती ताजी, फळांच्या वासाची वाइन, मुरलेली नव्हे. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हा समज या किमतीत महागात पडतो. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा द्राक्षाच्या सालीतून व बियांतून येतो. फार वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाने जीभ आखडते, तशीच हा तुरटपणा देणाऱ्या टॅनिनने आखडते, कारण टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू रंगद्रव्यांशी जोडले जातात आणि धार कमी होते. पण त्याच काळात फळांचा वास देणारी एस्टर्स विघटित होत असतात. मुळात टॅनिन, आम्लता आणि अर्क, म्हणजे वाइनचा दाटपणा, भरपूर असेल तरच हा सौदा परवडतो. स्वस्त वाइन तशी बनवलेलीच नसते.

म्हणून आधी बाटलीवरचं साल पाहा. हे साल द्राक्षं तोडल्याचं असतं. नाशिकची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपातली सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे एकाच सालाची नाशिकची वाइन युरोपातल्या वाइनपेक्षा सात-आठ महिन्यांनी मोठी. या किमतीत तीन वर्षांपलीकडची बाटली शक्यतो टाळावी.

लाकडाच्या वासासाठी जास्त पैसे मोजू नयेत. ओकच्या नेहमीच्या पिंपात २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्यांची वाइन मावते. नवं फ्रेंच पिंप लाखाच्या घरात जातं. एकदाच वापरलं तर बाटलीमागे तीनेकशे रुपये नुसत्या लाकडाचे. एवढा खर्च स्वस्त बाटलीत बसत नाही, म्हणून स्टीलच्या टाकीत ओकच्या चिपा किंवा फळ्या टाकतात. व्हॅनिलासारखा वास येतो, पण पिंपातून हळूहळू मिळणारा ऑक्सिजन मिळत नाही. ‘रिझर्व्ह’ शब्दावरही भाळू नये. स्पेनच्या रिओहा भागात ‘रेसेर्वा’ लाल वाइन किमान तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं निदान एक वर्ष पिंपात. सगळीकडे हा शब्द इतका बांधील नसतो. जड बाटली म्हणजे उंची वाइन असंही नाही, तिने वाहतूकखर्चच वाढतो.

भारतात आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क हा बराच काळ नेहमीचा दर राहिला आहे. ऑस्ट्रेलियाच्या ठरावीक किमतीवरच्या वाइनला डिसेंबर २०२२ पासून करारामुळे सवलत आहे. वर राज्याचे कर, भाडं, दुकानदाराचा नफा. १२०० रुपयांच्या परदेशी बाटलीत प्रत्यक्ष वाइनच्या वाट्याला फारच थोडे पैसे उरतात. त्याच रकमेत नाशिकची शिराझ किंवा अकलूजची सांजोव्हेजे (ही द्राक्षांच्या जातींची नावं) आम्हाला सरस वाटते. कॅबर्ने सॉव्हिन्याँ ही जात जपून घ्यावी. ती नीट पिकली नाही तर पायराझिन या संयुगामुळे हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. फार पिकू दिली तर उष्ण दिवसांत मॅलिक आम्ल घटतं आणि टार्टारिक आम्ल घालून तोल सावरावा लागतो. परदेशी राहणाऱ्यांनी जमीन महाग नसलेल्या भागांकडे वळावं: पोर्तुगालचं दाओ, दक्षिण फ्रान्सचं लांगदॉक, चिली (तिथली कार्मेनेर द्राक्षाची वाइन).

चांगली बाटली बिघडते ती बहुधा दुकानात. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. मे महिन्यात एसीविना ठेवलेली वाइन काही आठवड्यांतच शिजलेल्या मनुकांसारखी लागू शकते. बूच वर सरकलेलं असेल, वेष्टणाखाली चिकट ओघळ असेल किंवा पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली असेल, तर ती घेऊ नका. उन्हातल्या काचेजवळचीही नको. फिरकीचं झाकण कमीपणाचं लक्षण नाही. उलट त्यामुळे बुचातून येणारा टीसीए या संयुगाचा दोष टळतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम टीसीए असलं तरी वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तो जात नाही, बाटली परत करावी. काडेपेटीसारखा वास मात्र गंधकाचा. ग्लास फिरवत दहा मिनिटं ठेवला की बहुधा विरतो.

‘रूम टेंपरेचर’चा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी होता. आपल्याकडे ३० अंशांवर अल्कोहोल नाकात चढतं आणि चव सैल पडते. बाटली तासाभराहून जास्त फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ अंश पुरेत. फार गार केली तर टॅनिन बोचरं लागतं. उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरून, बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. अर्धी रिकामी बाटली आत राहिलेल्या हवेने लवकर आंबते.

तांबड्या रश्श्याबरोबर १४.५ टक्के अल्कोहोलची, तुरट वाइन नको. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, जिभेवरच्या ज्या संवेदनाग्राहींना चेतवतं, त्यांनाच अल्कोहोलही चेतवतं, त्यामुळे आग वाढते. १२.५ ते १३ टक्क्यांची, कमी टॅनिनची वाइन जरा जास्तच गार करून घ्यावी.