पितळ चकाकते, पण तडकते कशाने?

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यातील घराघरांत समया, निरांजने आणि तबके भिंडाच्या सोलांनी (कोकमाच्या वाळवलेल्या सालींनी) किंवा चिंचेने घासली जातात. पितळावरचा काळपट थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा असतो. सोलांतील आणि चिंचेतील सेंद्रिय आम्ले तो विरघळवतात आणि खालचा पिवळा धातू उघडा पडतो. ज्या देशांत नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरतात, तेथे त्या धुण्यासाठी हेच रसायनशास्त्र सौम्य सायट्रिक आम्लाच्या रूपात वापरतात. मात्र आम्ल तीव्र असेल किंवा पुंगळी त्यात फार वेळ राहिली, तर पितळातील जस्त आधी निघून जाते आणि पृष्ठभागावर तांब्याची गुलाबी छटा उमटते. पुंगळीतल्या काजळीत प्रायमरमधले (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीतले) शिसे असू शकते, म्हणून कोरड्या भुशात घोळवून धूळ उडवण्यापेक्षा ती पाण्यात धुणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

खरा शत्रू मात्र अमोनिया आहे. पुंगळीच्या पितळात सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असते, आणि धातूची चकती साच्यातून पुन्हापुन्हा ओढून तिला नळीचा आकार देताना धातूत ताण साठून राहतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेने पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे, कोणी हातही न लावता, तडकलेली आढळली. घोड्यांच्या मूत्रातून निघालेला अमोनिया दमट हवेतून पितळावर बसत होता आणि तांब्याशी संयुग करून धातूच्या कणांमधल्या सीमा पोखरत होता; साठलेल्या ताणाने त्याच सीमांवर भेगा फाकत होत्या. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी 1921 मध्ये याचा उलगडा केला. अमोनिया, ओलावा आणि ताण हे तिन्ही एकत्र आल्याखेरीज ही भेग पडत नाही, म्हणून बेताने तापवून ताण घालवला की पितळ वाचते. पुंगळीचे तोंड याच कारणाने तापवून मऊ करतात, पण बूड कडकच ठेवावे लागते, कारण स्फोटाचा दाब त्याला झेलायचा असतो.

ओतीव समईत असा ताण सहसा फारच कमी असतो. ठोकून घडवलेल्या पितळी कळशीचे तसे नाही. गोव्याच्या दमट पावसाळ्यात तिला अमोनियायुक्त पॉलिश लावू नये, आणि सोलांनी घासल्यावरही भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडी पुसावी.