ऑक्टोबरात येणारे, एप्रिलात जाणारे: ॲरिझोनाच्या वाळवंटी बागांतले हिवाळी स्वयंसेवक

जानेवारीतल्या सकाळी फिनिक्सच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये वाटेच्या कडेला एखादी हातगाडी उभी दिसते. तिच्यावर सवारो या उंच खांबासारख्या निवडुंगाच्या आतली वाळलेली लाकडी फासळी असते आणि सुतारपक्ष्याने खोडात पोखरलेल्या ढोलीचे टणक कवच. या वस्तू हातात देऊन समजावून सांगणारी व्यक्ती बहुधा साठी-पासष्टी ओलांडलेली, आणि तिचे मूळ घर मिनेसोटात, आयोवात नाहीतर कॅनडातल्या अल्बर्टात. बर्फ पडायच्या आत खाली उतरायचे, एप्रिलात परत जायचे. अशांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

हा शब्द सुरुवातीला फारसा कौतुकाचा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन लष्करी बोलीत तो अशा भरतीवाल्यांसाठी होता, जे थंडीत जेवण आणि छप्पर मिळावे म्हणून फौजेत शिरत आणि वसंत आला की पसार होत. पुढे १९२०च्या दशकात हिवाळ्यात दक्षिणेकडे कामाला जाणाऱ्या मजुरांना तो चिकटला. सुखवस्तू निवृत्तांच्या वाट्याला तो बराच नंतर आला.

बाग मात्र पहिल्यापासूनच या ये-जा करणाऱ्यांच्या आधाराने उभी आहे. १९३०च्या दशकात गुस्टाफ स्टार्क या स्वीडिश वनस्पतिप्रेमीने ‘वाळवंट वाचवा’ अशी पाटी लावून समविचारी माणसे गोळा करायला सुरुवात केली. पैसा आणि जोर आणला तो गर्ट्रूड डिव्हाइन वेब्स्टर या धनाढ्य बाईंनी. त्यांचे उन्हाळ्यातले घर थेट व्हर्माँटमध्ये होते. १९३९ मध्ये पापागो पार्कात बाग सुरू झाली. त्याआधी, १९२४ मध्ये, सुपीरियर गावाजवळ खाणमालक विल्यम बॉइस टॉम्सन यांनी आपल्या हिवाळी बंगल्यालगतच वनस्पती-उद्यान काढले होते. ॲरिझोनातल्याच टूसॉन शहराचे ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम (नाव म्युझियम, पण तिथेही वाळवंटी बाग आहे) १९५२चे.

पण तेव्हाचे हिवाळी पाहुणे म्हणजे मूठभर श्रीमंत, नाहीतर कोरड्या हवेसाठी आलेले क्षयरोगी. मध्यमवर्ग आला तो नंतर, आणि त्याला तीन-चार गोष्टी जुळून याव्या लागल्या. १९३५च्या कायद्याने सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन सुरू झाले. १९५६ नंतर आंतरराज्य महामार्ग झाले. घरात आधी कूलर आला, विदर्भात आजही घरोघर घरघरतो तसलाच पाणी झिरपणारा, आणि मग एअर कंडिशनर. फिनिक्सच्या पश्चिमेला १९५४ मध्ये यंगटाउन ही निवृत्तांची वसाहत निघाली. १ जानेवारी १९६० रोजी बांधकाम व्यावसायिक डेल वेब यांनी तिच्या शेजारीच, कपाशीच्या शेतजमिनीवर, सन सिटी खुली केली आणि पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख लोक घरे बघायला लोटले. गोल्फ, पोहण्याचा तलाव, छंदवर्ग असे सगळे तिथे होते. तरी सहा महिने रोज गोल्फ खेळवत नाही. रिकामा वेळ असलेली, गाडी चालवणारी, आयुष्यभर शिकवण्याचा किंवा यंत्रे दुरुस्त करण्याचा अनुभव असलेली ही माणसे बागांच्या दारात आली. कॅनडातून येणाऱ्यांना पर्यटक म्हणून साधारण सहा महिने राहता येते, पण पगारी काम करता येत नाही. विनामूल्य सेवेचा मार्ग त्यांनाही मोकळा होता.

वेळापत्रकही आयतेच जुळले. फिनिक्समध्ये जानेवारीत दुपारी तापमान १९-२० अंश सेल्सिअस असते, जुलैत सरासरी कमाल ४१च्या पुढे. २०२३ मध्ये तर सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. त्यामुळे प्रेक्षक हिवाळ्यात, रोपविक्री ऑक्टोबर आणि मार्चमध्ये, आणि हजारो कागदी पिशव्यांत वाळू घालून मेणबत्त्या लावण्याचा १९७८ पासूनचा दीपोत्सव डिसेंबरात. माहिती सांगणाऱ्यांचे प्रशिक्षणही साहजिकच शरदात बसवावे लागते.

हे वाचून सगळेच सोपे वाटेल. अडचण अशी की वाळवंटी बागेत जानेवारीत केलेली चूक जूनमध्ये दिसते, आणि तोवर करणारा घरी पोचलेला असतो. म्हणून नव्या स्वयंसेवकाला जे शिकवतात ते बहुतेक त्याने कधीच न पाहिलेल्या उन्हाळ्याबद्दल असते.

पाण्याचेच घ्या. आयोवाच्या काळ्या मातीत भाजी पिकवलेल्या माणसाचा हात पाईपकडे आपोआप जातो. थंडीत निवडुंग जवळजवळ झोपलेला असतो. गार, ओल्या मातीत त्याची मुळे कुजतात आणि खोड खालून मऊ पडते. निवडुंगाचे पान (खरे तर ते खोडच) कापून लावायचे तर कापलेली बाजू सावलीत एक-दोन आठवडे वाळू द्यायची, तिच्यावर खपली धरली की कोरड्या मातीत रोवायची आणि निदान आठवडाभर पाणी द्यायचे नाही. हे काम माती तापल्यावरच, म्हणजे मार्चअखेरीपासून. झुडपे आणि रानफुले मात्र थंडीतलीच. रानफुलांचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात चौपट वाळूत मिसळून फेकायचे, दाताळ्याने हलकेच खरवडायचे, खोल पुरायचे नाही. फुले फेब्रुवारी ते एप्रिल.

छाटणीत हौस जास्त नडते. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचे भाऊबंद. त्याच्या खालच्या फांद्या साफ करून झाड ‘नीटनेटके’ केले की उघडी पडलेली साल उन्हाने भाजते, आणि भार फक्त शेंड्याला राहिल्यामुळे जुलैतल्या वादळात झाड उन्मळते. खोडाजवळच रोज पाणी दिलेले असेल तर मुळेही उथळ असतात, मग विचारूच नका.

निवडुंग हलवताना उत्तरेकडच्या बाजूला खूण करायची आणि नव्या जागीही ती उत्तरेलाच ठेवायची. दक्षिणेची कातडी उन्हाला सरावलेली असते, उत्तरेची नाही. फिरवून लावला तर पहिल्याच उन्हाळ्यात पिवळा डाग पडतो आणि तो जन्मभर राहतो. मोठा सवारो हलवणे हे स्वयंसेवकाचे काम नव्हेच, एका फुटाला सुमारे ४० किलो वजन भरते. छोटा गोल निवडुंग उचलायला गालिच्याचा जुना तुकडा किंवा पाण्याचा टाकाऊ पाईप वेढा घालून वापरतात. चामडी हातमोजे फड्या निवडुंगापुढे कुचकामी, कारण त्याची केसासारखी कुसळे मोज्यातच रुतून बसतात आणि पुढच्या वेळी आतून टोचतात. तिथे लांब चिमटा किंवा घडी घातलेले वर्तमानपत्र बरे. चोया निवडुंगाचा तुकडा अंगाला चिकटला तर हाताने ओढायचा नाही, कंगवा मध्ये घालून झटकायचा. म्हणून हातगाडीवर कंगवा असतोच.

पारा शून्याखाली जाणार असेल त्या संध्याकाळी धावपळ असते. कापडी पांघरूण सूर्य मावळायच्या आत टाकायचे, जमिनीपर्यंत टेकवायचे, म्हणजे मातीतली ऊब आत राहते. प्लॅस्टिक चालत नाही. जिथे टेकते तिथेच थंडी चावते. उंच खांबासारख्या मेक्सिकन निवडुंगांच्या शेंड्यांना थर्माकोलचे पेले टोपीसारखे घालतात, कारण वाढीचा कोंब तिथेच असतो. गोठून काळे पडलेले भाग लगेच कापायचे नाहीत. नुकसान किती ते वसंतातच कळते.

खुरपणीत हिवाळी माणसे खरोखर मोलाची. स्टिंकनेट हे पिवळ्या गोंड्यांचे दक्षिण आफ्रिकी तण थंडीतच उगवते. फुलण्याआधी उपटले नाही तर वसंतानंतर वाळून सहज पेट घेते आणि त्याचा धूर घशाला झोंबतो. उपटताना हातमोजे हवेतच, काहींच्या अंगाला खाज सुटते. टूसॉनच्या टेकड्यांवर पहार घेऊन बफेलग्रास खणणारे गटही आहेत. ठोंब मुळासकट निघाला पाहिजे, वरून कापला तर पुन्हा फुटतो. हे गवत म्हणजे आपल्याकडचे चाऱ्याचे अंजन. इकडे कौतुक, तिकडे शत्रू, कारण आगीची सवय नसलेल्या सवारोंमध्ये ते वणवा पसरवते.

उलट दिशेची, तिकडून इकडे आल्याचीही एक गोष्ट हातगाडीवर सांगतात. फड्या निवडुंगावर कापसासारखी पांढरी बुरशी दिसते ती बुरशी नसून कोचिनिअल कीटक. चिरडला की किरमिजी रंग निघतो. बागेत तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतात. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस या रंगासाठी असा कीटक भारतात आणवला. आलेली जात रंगात हलकी निघाली, पण तिने इथे माजलेल्या फड्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला.

सवारो फुलतो एप्रिलअखेर ते जूनमध्ये. फूल रात्री उमलते आणि दुसऱ्या दुपारी मिटते. तोवर स्नोबर्ड गेलेले असतात, आणि विजेरी घेऊन रात्रीच्या फेऱ्या काढायला फिनिक्सचे बारमाही रहिवासी उरतात. जूनच्या शेवटी तोहोनो ओओधाम हे या वाळवंटाचे मूळ रहिवासी सवारोची फळे काढतात आणि त्यांचे नवे वर्ष त्याच सुमारास, पहिल्या पावसाबरोबर, सुरू होते. उंचावरचे फळ पाडायची त्यांची काठी सवारोच्या वाळलेल्या फासळ्या जोडून केलेली असते. जानेवारीत हातगाडीवर असते ती हीच फासळी.