गेरिला : एका ‘छोट्या युद्धा’ची गोष्ट

गनिमी काव्याला इंग्रजीत काय म्हणतात, असं विचारलं तर शाळकरी पोरही ‘गेरिला वॉर’ सांगेल. पण शिवरायांच्या काळात हा शब्द इंग्रजीत नव्हताच. इंग्रजीतला त्याचा जुना दाखला १८०९ सालचा, स्पेनमधून पाठवलेल्या एका लष्करी खलित्यातला. खलिता लिहिणारा सेनापती आपल्या ओळखीचा आहे : आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा तो हाच.

१८०८ मध्ये नेपोलियननं स्पेनच्या गादीवर आपला भाऊ जोसेफ बसवला. २ मे रोजी माद्रिद पेटलं होतंच. स्पेनची खडी फौज फ्रेंचांपुढे टिकेना, तेव्हा शेतकरी, पाद्री, चोरटा माल वाहणारे अशांच्या टोळ्या उभ्या राहिल्या. रसद लुटायची, टपाल घेऊन जाणारा स्वार पकडायचा आणि डोंगरात पसार व्हायचं. ‘एल एम्पेसिनादो’ या टोपणनावानं गाजलेला हुआन मार्तिन दिएस मूळचा शेतकरीच.

स्पॅनिशमध्ये ‘गेर्रा’ म्हणजे युद्ध. ‘-इया’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून झालं ‘गेर्रिया’, छोटं युद्ध. लढणारा तो ‘गेर्रियेरो’. इंग्रजांनी हा भेद ठेवला नाही, लढणाऱ्यालाही गेरिलाच करून टाकलं. शिवाय ‘गेरिला वॉर’ म्हणजे शब्दशः ‘छोट्या युद्धाचं युद्ध’. आपल्या ‘लेडीज बायका’सारखंच!

‘गेर्रा’ही मुळात लॅटिन नव्हे. युद्धासाठीचा लॅटिन शब्द ‘बेलुम’ मागे पडला आणि जर्मानिक ‘वेर्रा’ (भांडण, गोंधळ) रूढ झाला. त्यातला ‘व’ स्पॅनिश-फ्रेंचमध्ये ‘ग’ झाला. उत्तर फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या बोलीत मात्र ‘व’ टिकला, आणि तिच्यातूनच इंग्रजीचा ‘वॉर’ आला. म्हणजे एकच शब्द इंग्रजीत दोनदा शिरला, मध्ये काही शतकं टाकून.

आपल्या शब्दाची घडण वेगळी. ‘गनीम’ म्हणजे शत्रू. मुघल मराठ्यांना गनीम म्हणत. स्पॅनिश शब्द युद्धाचा आकार सांगतो, आपला शब्द डाव कोणाचा ते सांगतो. भाषांतर चालून जातं, इतकंच.

गोरिला या प्राण्याशी या शब्दाचं काही नातं नाही. तरी १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये, कलाक्षेत्रात स्त्रियांना डावललं जातं म्हणून उभ्या राहिलेल्या ‘गेरिला गर्ल्स’ गोरिलाचे मुखवटे घालूनच वावरतात.